पाकिटावर तिकीट भारताचं, मग नॉर्वेचा पोस्टमन ते पत्र घरपोच का देतो?

विचारणा अशी आहे: मोबाइल, ई-मेल आणि खासगी कुरिअर असताना आंतरराष्ट्रीय टपालसेवेवर सरकारने पैसे का घालावेत? आणि मुळात आपण लावलेलं तिकीट दुसऱ्या देशाने मानायचं कारण काय? जोडीला एक घरगुती प्रश्नही आहे: अमेरिकेतल्या लेकीला दिवाळीचा फराळ पोस्टाने धाडावा की कुरिअरने? माझी नोकरी मुंबईत परदेशी टपालाच्या थैल्या बांधण्यात, सोडण्यात आणि त्यांचे हिशोब जुळवण्यात गेली, तेव्हा उत्तर जरा लांबणार. फराळाचं शेवटी बघू.

आधी तिकीट. सावंतवाडीच्या पोस्टात तुम्ही ओस्लोच्या पत्रावर तिकीट लावलंत की ते पैसे भारतीय टपाल खात्याचे झाले. नॉर्वेचं खातं त्या तिकिटाकडे एवढ्यासाठीच बघतं की हशील पुरतं भरलंय ना. पुढे थैली उतरवून घेणं, छाननी, बटवडा, सगळं त्यांनी करायचं. यात उपकाराचा भाग नाही, कारण ओस्लोहून आलेलं पत्र आपला पोस्टमनही तसंच सावंतवाडीत दारात नेऊन देतो. ही देवघेव ज्या करारावर उभी आहे तो ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरात झाला.

त्याआधी काय होतं ते कळल्याशिवाय या कराराची किंमत कळत नाही. प्रत्येक देशाचा प्रत्येक देशाशी वेगळा तह. वजनाची मापं वेगळी, चलनं वेगळी, आणि पत्र कुठल्या वाटेने जातं त्यावर दर. अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला अर्ध्या औंसाचं पत्र पाठवायचं तर जहाजाच्या मार्गानुसार ५, ३३, ४५, ५५, ६० सेंट किंवा १ डॉलर २ सेंट, असे सहा दर होते. अनेकदा पाठवणाऱ्याने भरलेले पैसे एखाद्या सरहद्दीपर्यंतच पुरायचे आणि उरलेले, पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याकडून वसूल व्हायचे. वाटेतला प्रत्येक देश आपला वाटा मागायचा. त्यामुळे पत्र राहिलं बाजूला, त्याचा हिशोब लिहिण्यातच कारकुनांचा दिवस जायचा.

अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांनी १८६३ साली पॅरिसला १५ देशांची बैठक बोलावली. तत्त्वं ठरली, पण बंधन कुणावर नव्हतं. काम तडीस नेलं जर्मन टपालप्रमुख हाइनरिख फॉन स्टेफान यांनी. (पोस्टकार्डाची कल्पनाही याच गृहस्थांनी १८६५ मध्ये मांडली होती. तेव्हा त्यांच्याच लोकांनी ती बासनात गुंडाळली आणि पहिलं कार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रियाने काढलं.) १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे परिषद लांबली, ती १८७४ ला बर्नमध्ये भरली आणि २२ देशांनी जनरल पोस्टल युनियन स्थापन केली. चार वर्षांनी तिचं नाव युनिव्हर्सल पोस्टल युनियन झालं. आम्ही तिला सरळ यूपीयू म्हणतो. १९४८ पासून ती संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था आहे आणि आज तिचे १९२ सभासद आहेत.

करारातली कलमं वाचायला रुक्ष आहेत, पण त्यात मला आजही थक्क करणाऱ्या चार गोष्टी आहेत. पत्राच्या कामापुरते सगळे सभासद देश मिळून एकच टपाल-प्रदेश धरायचा. दर अंतरावर नाही तर वजनावर: १५ ग्रॅमच्या पत्राला २५ सेंटीम (म्हणजे पाव फ्रँक), मग शेजारच्या देशात जावो की युरोपच्या दुसऱ्या टोकाला. ज्याने पैसे घेतले ते त्याच्याकडेच राहतील. आणि तुमच्या हद्दीतून दुसऱ्याची टपाल जात असेल तर ती अडवायची नाही. ठरलेलं भाडं घ्या, पण वाट द्या. ज्यांच्या हद्दीतून भरपूर टपाल जायची त्यांना हे जड गेलं. फ्रान्सने सही करायला १८७५ चा मे महिना उजाडवला, कारण दुसऱ्यांच्या टपालावर मिळणारं उत्पन्न बुडणार होतं.

ब्रिटिश हिंदुस्थान १ जुलै १८७६ पासून युनियनमध्ये आला. आपल्याकडची टपाल हजारो मैल समुद्रातून जाणार, तिचा वाहतूक खर्च युरोपातल्या रेल्वेच्या हिशोबात कसा बसायचा, हा तेव्हाचा कळीचा मुद्दा होता. त्यासाठी समुद्री वाहतुकीची वेगळी तजवीज करावी लागली. देशातल्या देशात मात्र आपल्याला ही कल्पना नवी नव्हती. १८५४ च्या कायद्याने अर्ध्या आण्यात पत्र कितीही लांब जाऊ लागलं होतं. बर्नने तेच जगाला लागू केलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मुंबईचं या सगळ्याशी नातं त्याच्याही आधीचं. २० मार्च १८३० ला मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट टपाल घेऊन सुएझकडे निघाली. वाटेत एडनला कोळसा भरून तिला पोचायला महिना लागला. तोवर आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना लागणारे महिने बघता ही क्रांतीच होती. पुढे १८६८ मध्ये पी. अँड ओ. कंपनीशी दर आठवड्याच्या टपालाचा करार झाला, १८६९ ला सुएझ कालवा उघडला, १८७० ला मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली, आणि विलायतेची सगळी टपाल मुंबईत उतरू लागली. या शहराचा व्यापार टपालाच्या बोटीच्या वारावर चालायचा. कापसाचे व्यापारी शेवटच्या क्षणापर्यंत पत्रं लिहीत बसायचे आणि पेटी बंद झाल्यावर जादा ‘लेट फी’ भरून ती बोटीवर चढवायचे.

एका विसरल्या गेलेल्या खात्याची आठवण इथे काढायलाच हवी: समुद्रावरचं पोस्ट ऑफिस. १८६८ पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत, मुंबईच्या दिशेने येणाऱ्या टपाल-बोटीवर आपल्या खात्याचे सॉर्टर, म्हणजे पत्रांची छाननी करणारे, असत, आधी सुएझपासून, नंतर एडनपासून. अरबी समुद्रात, पावसाळ्यातल्या लाटांवर, जहाजाच्या पोटातल्या उकाड्यात ते हजारो पत्रं गावागावांच्या थैल्यांत लावत. का, तर बोट मुंबईला लागताच थैल्या थेट आगगाडीत चढाव्यात, सॉर्टिंगसाठी दिवस मोडू नये. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आठवणीत ‘मेल डे’चा थाट भरपूर सापडतो, या सॉर्टरांची नावं कुठे सापडत नाहीत. नंतर बॅलार्ड पिअरवरूनच गाड्या सुटू लागल्या. १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीची टपाल आणि प्रवासी घेऊन पेशावरपर्यंत जायची.

मग विमान आलं आणि मुंबईचं हे दार काही काळ कराचीला गेलं. इम्पिरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा १९२९ मध्ये सुरू झाली. ती टपाल कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी स्वतः पस मॉथ विमानातून आणली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. भारतीय विमान कंपनीचा जन्म टपालाच्या कंत्राटातून झाला हे मात्र लोक विसरतात. प्रवासी हा त्या धंद्यातला नंतरचा माल.

आता या करारामुळे सामान्य माणसाला काय मिळालं, याचं आपल्या मराठी इतिहासातलं उदाहरण देतो. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले कारकून. बायकोला शिकवायचं या ध्यासाने त्यांनी १८७८ मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात होते, तेव्हा मायदेशी परतून नियतकालिक चालवत होते. त्यांनी उत्तर दिलं ते धर्मांतराच्या सल्ल्याचं, पण पत्रव्यवहार छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि आनंदीबाईंना पत्र धाडलं. पुढची तीनेक वर्षं पत्रं येत-जात राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या, आणि इकडे तब्येत ढासळत होती म्हणून तिकडून औषधंही आली. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा ज्या घरी जायचं तिथल्या माणसांची आधी एकदाही भेट झालेली नव्हती. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. हिंदुस्थान युनियनमध्ये येऊन तेव्हा दहा वर्षं पुरी व्हायची होती. एका कारकुनाच्या पगारात अमेरिकेशी वर्षानुवर्षं लिहिता येणं, हे सहा वेगवेगळ्या दरांच्या जमान्यात जमलं असतं असं मला वाटत नाही. श्रेय अर्थात त्या दोन बायकांचं. पण टपालाचा दर माणसाच्या आवाक्यात असणं याला मी सार्वजनिक हित म्हणतो ते अशा अर्थाने.

आखातातही हेच दिसतं. मस्कतला १८६४ मध्ये, बहारीनला १८८४ मध्ये आणि दुबईला १९०९ मध्ये जी पोस्ट ऑफिसं उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची होती. तिथे तिकिटंही आपलीच चालायची. १९७० नंतर कोकणातले, गोव्यातले लोक तिकडे कामाला गेले तेव्हा उलट्या दिशेने एरोग्रामचा (घडी घालून स्वतःच पाकीट होणाऱ्या हवाई पत्राचा) पूर लोटला. आखाती देशांत घरोघर बटवडा नसायचा. पत्ता म्हणजे कंपनीचं नाव आणि पोस्ट बॉक्स नंबर. त्या नंबरातला एक आकडा चुकला की रत्नागिरीच्या आईचं पत्र भलत्याच कंपनीच्या पेटीत पडायचं. गावातल्या पोस्टमास्तरला हे नंबर तोंडपाठ असत आणि आकडा चुकीचा दिसला तर तो पत्र परत करून आधी विचारून घ्यायचा. तो कुठल्याही नियमात बसणारा व्यवहार नव्हता.

थैलीचं काम आतून कसं चालतं तेही थोडं सांगतो, कारण ‘पत्र कुठे हरवलं?’ याचं उत्तर तिथेच असतं. परदेशी जाणाऱ्या रजिस्टर पत्रावर तुम्हाला १३ जागांचा क्रमांक दिसतो, समजा आरएक्स १२३४५६७८५ आयएन. पहिली दोन अक्षरं सेवेची, शेवटची दोन देशाची. मधल्या नऊ आकड्यांपैकी खरा नंबर आठच. नववा पडताळ्याचा. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ ने गुणायचं आणि बेरीज करायची. इथे ती २०४ येते. तिला ११ ने भागल्यावर ६ उरतात, ते ११ मधून वजा केले की ५. म्हणून शेवटी ५. कुणी घाईत एक आकडा चुकीचा टंकला तर यंत्र तिथल्या तिथे नकार देतं. हा नियम टोकियोपासून टिंबक्टूपर्यंत एकच. म्हणूनच सावंतवाडीत चिकटवलेली पट्टी ओस्लोत वाचता येते.

पत्रं थैलीत गेली की थैलीला तिचा स्वतःचा २९ जागांचा क्रमांक मिळतो: कुठल्या कार्यालयातून निघाली (मुंबईचं ‘आयएनबीओएमए’), कुठे जाणार, टपालाचा प्रकार, वर्ष, डिस्पॅचचा (एका वेळी रवाना होणाऱ्या थैल्यांच्या खेपेचा) नंबर, त्यातली कितवी थैली, आणि वजन. ३० किलोच्या वर थैली जात नाही. शेवटच्या थैलीवर ‘ही शेवटची’ अशी खूण असते, म्हणजे पलीकडच्याला कळतं की किती यायला हव्यात. डिस्पॅच ११२ पोचला, ११४ पोचला आणि ११३ चा पत्ता नाही, की तिकडून व्हेरिफिकेशन नोट, म्हणजे तफावत कळवणारी चिठ्ठी, येते आणि शोध सुरू होतो. ज्या देशाला रोज थैली भरेल इतकी टपाल नसते, तिथली पत्रं उघडी दुसऱ्या देशाकडे सोपवतात आणि तो देश ती आपल्या थैलीत घालून पुढे नेतो. अनोळखी देशाच्या अनोळखी माणसाचं पत्र तिसराच देश निमूट पुढे सरकवतो, त्याचं मला नोकरीत रोज दिसत असूनही नवल सरलं नाही.

परदेशातून येणाऱ्या टपालात आमची खरी परीक्षा पत्त्यावर व्हायची. ‘वडगाव, महाराष्ट्र, इंडिया’ एवढंच लिहिलेलं पाकीट आलं तर कुठल्या वडगावला पाठवायचं? महाराष्ट्रात वडगावं पैशाला पासरी आहेत. पिन कोड असला तर प्रश्न मिटतो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला तो पिन कोड आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून निघालेला. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. असा माणूस खात्यात होऊन गेला हे नव्या भरतीतल्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं.

आता पैशाकडे येतो, कारण सगळी भांडणं तिथेच आहेत. १८७४ साली असं गृहीत धरलं होतं की प्रत्येक पत्राला उत्तर जातं, म्हणजे दोन्ही बाजूंचा भार सारखाच. शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, तसं. हे जवळपास शंभर वर्षं चाललं. पण पत्रांऐवजी मासिकं, जाहिराती आणि पुढे माल येऊ लागला तसा तोल गेला. काही देशांकडे येणारी टपाल जाणाऱ्या टपालाच्या कितीतरी पट झाली आणि बटवड्याचा खर्च त्यांच्या बोकांडी बसला. म्हणून यूपीयूच्या १९६९ च्या टोकियो काँग्रेसने (सभासद देशांच्या परिषदेला काँग्रेस म्हणतात) ‘टर्मिनल ड्यूज’ आणले: ज्याने जास्त टपाल पाठवली त्याने फरकाच्या वजनामागे पैसे द्यायचे. १९७१ पासून ते लागू झाले. आज हा हिशोब एसडीआर या आंतरराष्ट्रीय चलन-एककात होतो. (त्याच टोकियो काँग्रेसमध्ये भारताच्या प्रतिनिधीने, आनंद मोहन नरुला यांनी, ९ ऑक्टोबर हा टपाल दिन म्हणून पाळावा असा प्रस्ताव मांडला. दरवर्षी पोस्टात दिसणारा तो फलक आपल्याच माणसामुळे आहे.)

टर्मिनल ड्यूजमध्ये विकसनशील देशांना सवलतीचे दर होते, आणि ते न्याय्यच होतं. पण ऑनलाइन खरेदीने त्याचं सोंग करून टाकलं. चीनमधून अमेरिकेला छोटं पाकीट पाठवणं, अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने युनियन सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला तातडीची काँग्रेस भरली, आणि भरपूर टपाल येणाऱ्या देशांना छोट्या पाकिटांचे दर स्वतः ठरवू द्यायचे, अशी तडजोड झाली. अमेरिका राहिली. माझं मत विचाराल तर त्या वेळी अमेरिकेची तक्रार खरी होती, धमकी द्यायची पद्धत वाईट होती.

२०२५ मध्ये जे झालं ते याहून वाईट. अमेरिकेने कमी किमतीच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून टाकली आणि जकात माल पोचण्याआधीच वसूल करून द्या असं सांगितलं. ती कोणी, कशी, कुणाकडे भरायची याची यंत्रणा तयारच नव्हती. विमान कंपन्या टपाल उचलेनात. भारताने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवायला सुरुवात केली, ते पूर्ववत व्हायला १५ ऑक्टोबर उजाडला. यूपीयूच्या आकड्यानुसार अमेरिकेकडे जाणारी टपाल एका आठवड्यात ८० टक्क्यांहून जास्त घसरली आणि ८८ टपाल संस्थांनी सेवा पूर्ण किंवा अंशतः बंद ठेवली. करार कुणी मोडला नव्हता. सीमाशुल्काच्या एका आदेशाने तो निकामी झाला होता. कोल्हापूरचा चपला करणारा, एक-दोन जोड थेट गिऱ्हाइकाला धाडणारा माणूस, यात सर्वांत आधी अडकला. मोठ्या निर्यातदाराकडे कंटेनर असतो, एजंट असतो. याच्याकडे पोस्टाची पावती असते.

राजकारण टपालाला सोडत नाही हे आपल्या सरहद्दीवरही दिसलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताची टपाल बंद केली होती, मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानची केली. तेव्हा १८७४ च्या कराराला देवाज्ञा मानू नका. तो देशांची मर्जी असेतोवरच चालतो. पण मर्जी गेल्यावरही युनियनने काही कोपरे राखून ठेवलेत. युद्धकैद्यांच्या पत्रांना हशील लागत नाही. अंधांसाठीची ब्रेल पुस्तकं ७ किलोपर्यंत टपालखर्चाशिवाय जातात. असली पाकिटं घेऊन येणाऱ्याला काउंटरवर कित्येकदा उगाच पैसे मागितले जातात, कारण समोरच्या कारकुनाने नियम वाचलेला नसतो. तुमच्यावर ही वेळ आली तर पोस्टमास्तरांना भेटा आणि नियमपुस्तिका उघडायला लावा.

तर मूळ प्रश्न: सरकारने पैसे का घालावेत? कुरिअर कंपनी वाईट नाही. तातडीची कागदपत्रं, व्हिसाचं पासपोर्टचं पाकीट, महागडा सुटा भाग, यासाठी मीही कुरिअरच सुचवीन. पण कुरिअरला गिऱ्हाईक निवडायची मुभा आहे. आडगावचा पत्ता असेल तर तो ‘रिमोट एरिया’चा अधिभार लावतो किंवा सरळ नाही म्हणतो. पोस्टाला नाही म्हणता येत नाही. आपल्या हद्दीत सर्वत्र, कायम, परवडेल अशा दरात मूलभूत टपालसेवा द्यायची, हे बंधन १९९९ च्या बीजिंग काँग्रेसपासून सभासद देशांनी स्वतःवर घेतलं आहे. पोस्टाचा तोटा मोजताना या बंधनाचा खर्च वेगळा काढून दाखवला पाहिजे. आपल्याकडे सगळं एकत्र गुंडाळून ‘खातं तोट्यात’ म्हणतात, ते मला पटत नाही. आणि तोट्याच्या नावाखाली जे झाकलं जातं तेही पटत नाही. सीमेपलीकडे गेल्यावर ट्रॅकिंग मुकं होणं, तक्रारीला महिनोन्‌महिने उत्तर न येणं, याचा तोट्याशी काही संबंध नाही.

बंधन काढून टाकलं तर काय होतं ते डेन्मार्कमध्ये बघता येईल. १८७४ च्या २२ देशांपैकी हा एक. तिथे पत्र पोचवण्याची कायदेशीर सक्ती २०२४ पासून उठवली गेली, आणि ३० डिसेंबर २०२५ ला तिथल्या टपाल संस्थेने शेवटचं पत्र वाटून पत्रसेवा बंद केली. लाल पेट्या काढून टाकल्या. पत्रं आता दुसरी खासगी कंपनी नेते. डेन्मार्क छोटा, सपाट आणि जवळजवळ पूर्ण ऑनलाइन झालेला देश आहे, त्याला कदाचित झेपेल. गडचिरोलीतल्या ज्या गावात मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर जावं लागतं, तिथे हा प्रयोग करून बघायची घाई मी करणार नाही. एवढं मात्र खरं की पत्रांच्या जिवावर आता कुठलंच टपाल खातं जगणार नाही. जगेल ते छोट्या पार्सलांवर, आणि म्हणूनच गावातल्या पोस्टातून निर्यातीचे कागद करता यावेत यासाठी २०२२ नंतर उघडलेली डाकघर निर्यात केंद्रं मला महत्त्वाची वाटतात. पैठणी, वारली चित्रं, चपला, इमिटेशन दागिने विकणाऱ्यांनी तिथे एकदा चौकशी जरूर करावी.

आता फराळ. घाई नसेल आणि वजन दोन-चार किलो असेल तर पोस्ट. आठवड्याच्या आत पोचायलाच हवा तर कुरिअर, दामदुपटीची तयारी ठेवून. दिवाळीच्या आधी किमान तीन आठवडे बुकिंग करा. जकातीचे नियम अलीकडे सारखे बदलतात, म्हणून त्या दिवशी काउंटरवर अमेरिकेसाठी काय लागतं ते विचारा, गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. कस्टमच्या फॉर्मवर ‘फूड’ किंवा ‘गिफ्ट’ असं मोघम लिहू नका. प्रत्येक जिन्नस वेगळा: तळलेली चकली ५०० ग्रॅम, बेसन लाडू ५०० ग्रॅम, ज्याची त्याची किंमत. मोघम वर्णनाचं पार्सल उघडलं जातं आणि उघडलेल्या चिवड्याचं पुढे काय होतं ते विचारू नका. पत्ता रोमन लिपीत, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत, आणि लेकीचा तिकडचा मोबाइल नंबर पार्सलवर हवाच. चकली आणि शंकरपाळे कडक डब्यात, मधल्या जागा कागदाने भरून. बेसनाचे लाडू प्रवास सोसतात, बुंदीचे फुटतात, अनारसे तुपकट असतील तर खोका डागाळतो आणि डागाळलेला खोका कस्टममध्ये बाजूला काढतात. ओल्या नारळाच्या करंज्या घरीच खा.